स्वतःची ओळख थोडक्यात कशी करून द्यावी? (नोकरी-व्यवसायासाठी अर्ध्या मिनिटाचा परिचय)



आजचा विषय दिसायला अगदी छोटा आहे. कामाच्या निमित्ताने एखादा अनोळखी माणूस भेटला, तर अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख कशी करून द्यायची? दहावी-बारावी, आयटीआय, डी.एल.एड. किंवा पदवी करून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हे लागतं. बचत गटाच्या ताईंनाही लागतं. पण शाळेत हे कुठे नीट शिकवलं जात नाही. उलट थोडं चुकीचंच शिकवलं जातं, आणि त्यात माझाही वाटा आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तिसरीचा निबंध, बाविसाव्या वर्षी

मागच्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मी नोकरीला नवीन लागले तेव्हा तो माझ्याकडे तिसरीत होता. आता आयटीआय झालाय, इलेक्ट्रिशियन ट्रेडचा. आदल्या दिवशी तो रोजगार मेळाव्याला जाऊन आला होता. तोंड उतरलेलं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही बाई. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. सांगितलं. मग म्हणाले, ठीक आहे, कळवतो."

"काय सांगितलंस? मला सांग बरं."

तो खुर्चीत ताठ बसला, हात मांडीवर ठेवले आणि एका सुरात म्हणाला, "माझं नाव अमुक अमुक. मी अमुक गावचा राहणार आहे. माझे वडील शेती करतात. माझी आई घरकाम करते. मला दोन बहिणी आहेत. मी आयटीआय झालो आहे. मला क्रिकेट खेळायला आवडतं."

मला हसू आलं आणि लगेच ते विरलंही. हे मी ओळखलं होतं. हा 'माझी ओळख' हा निबंध होता. तिसरीत फळ्यावर मीच लिहून दिलेला, त्याच क्रमाने. पोराने तो तेरा वर्षं जपून ठेवला होता आणि ऐन गरजेच्या वेळी म्हणून दाखवला होता.

आता यातली खरी गोष्ट ऐका. हा पोरगा दोन वर्षं तालुक्याच्या गावी मोटार भरायच्या दुकानात काम करतोय. विहिरीतली, बोअरमधली जळालेली मोटार एकटा खोलतो, भरतो, तपासून देतो. उन्हाळ्यात दुकानापुढे मोटारींची रांग लागते, तेव्हा मालक अवघड मोटार याच्याच हातात देतो. मी विचारलं, "हे सांगितलंस का त्यांना?"

तो म्हणाला, "विचारलंच नाही बाई त्यांनी."

मित्रांनो, हा संपूर्ण लेख या एका वाक्यासाठी आहे. समोरच्याने विचारावं असं वाटत असेल, तर विचारण्याजोगं काहीतरी आपणच आधी त्याच्या हातात द्यावं लागतं.

गावातली ओळख आणि कामाची ओळख

आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेलं माणूस पहिला प्रश्न काय विचारतं? "कुठलं गाव?" दुसरा प्रश्न, "कोणाच्यात?" मग तिसऱ्या प्रश्नापर्यंत आपल्या मावशीचं सासर आणि त्यांच्या चुलत्याचं गाव एकच निघतं. तुळजापूरपर्यंत जाता जाता पाहुणेपणा जुळलेला असतो. ही पद्धत वाईट नाही. सोयरीक, बाजार, जत्रा, अडीनडीला उसने पैसे, सगळं या धाग्यावरच चालतं. म्हणून लहानपणापासून आपल्याला नाव, गाव, वडील, घराणं याच क्रमाने ओळख द्यायची सवय लागते.

पण चाकणच्या कंपनीतल्या साहेबांना तुमच्या मावशीचं गाव माहीत नसतं. तिथे हा धागा अडकायला खुंटीच नसते. त्यांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो : 'हा माणूस कोणत्या कामाचा आहे, आणि माझ्याकडे का आलाय?' त्याचं उत्तर आपण दिलं नाही, तर साहेबांचा दोष नाही. ते पुढच्या माणसाकडे बघतात.

थोडक्यात, गावातली ओळख नातं शोधते आणि कामाची ओळख काम शोधते. दोन्ही यायला हव्यात. फक्त कुठे कोणती द्यायची, हे कळलं पाहिजे.

पण अनोळखी माणसाशी बोलायचंच कशाला?

काही जण म्हणतील, "आपल्या ओळखीतलेच लोक बघू की. अनोळखी माणूस कशाला नोकरी सांगेल?" यावर एक गाजलेला अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन या गावात लोकांना विचारलं की तुम्हाला सध्याची नोकरी कशी कळली. १९७३ साली त्याचा लेख प्रसिद्ध झाला. ज्यांना कोणाच्या तरी ओळखीतून नोकरी कळली होती, त्यांच्यापैकी नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळलेले फक्त १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलेले सुमारे ५६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून कळलेले सुमारे २८ टक्के. माणसं थोडीच होती, पन्नासच्या वर चार. पण पुढे २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवरचा अभ्यास आला. त्यातही घट्ट मैत्रीपेक्षा थोड्या दूरच्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडतात, असंच दिसलं.

याचं कारण आपल्या पारावर बसून समजतं. पारावरच्या दहाही जणांना एकच बातमी माहीत असते, कारण ते रोज एकमेकांनाच भेटतात. नवी बातमी येते ती आठवडी बाजाराला आलेल्या दुसऱ्या गावच्या माणसाकडून. नोकरीचंही तसंच. जिवाभावाचा मित्र मदत करायला तयार असतो, पण त्याला माहीत असतं तेवढंच, जे आपल्याला आधीच माहीत आहे. नवी माहिती दूरच्या माणसाकडे असते आणि तो आपल्याला अर्धा मिनिट देतो. म्हणून त्या अर्ध्या मिनिटाची तयारी करायची.

ओळखीचे चार भाग

आता मुद्द्यावर येऊ. चांगल्या ओळखीत चार गोष्टी असतात. मी मुलांना बोटांवर मोजायला सांगते.

१. नाव आणि ठिकाण. पूर्ण नाव एकदा, सावकाश, शेवटचं अक्षर न गिळता. आपण स्वतःचं नाव आयुष्यभर ऐकलेलं असतं, म्हणून घाईत उरकतो. समोरचा ते पहिल्यांदाच ऐकत असतो. ठिकाणाबाबत आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं, पण आपल्या बहुतेकांच्या जुन्या गुणपत्रकांवर आणि दाखल्यांवर उस्मानाबाद आहे. बाहेरच्या माणसाला ही दोन वेगळी ठिकाणं वाटू शकतात. म्हणून एका दमात सांगून टाका, "धाराशिव, म्हणजे पूर्वीचं उस्मानाबाद." कागद बघताना प्रश्न उरत नाही. मात्र "आमचा भाग दुष्काळी, मागासलेला" अशी शेपटी लावू नका. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतला, हे खरं आहे. पण ती जिल्ह्याची नोंद आहे, तुमची नाही.

२. काम. शिक्षण कमी शब्दांत आणि काम स्पष्ट शब्दांत. "मी इलेक्ट्रिकल फील्डमध्ये आहे" यातून काहीच कळत नाही. "मी जळालेल्या मोटारी भरतो" यातून चित्र दिसतं. काम सांगताना क्रियापद वापरा : भरतो, शिवते, शिकवते, हिशोब ठेवतो, दुरुस्त करते.

३. एक पुरावा. एकच. आकडा असेल तर उत्तम, पण खरा. "मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, कोणतंही काम करू शकतो" असं सगळेच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला त्यातून कोणी वेगळा दिसत नाही. त्याऐवजी "साडेसात एचपीपर्यंतची मोटार एकटा भरून देतो" म्हणा. मेहनत त्यातच आली. फुगवून सांगू नका. पुढचा प्रश्न त्या आकड्यावरच येणार असतो.

४. काय हवंय. इथे आपण सगळ्यात जास्त लाजतो. "बघा काहीतरी" म्हणून थांबतो. 'काहीतरी' कोणाला बघता येत नाही. माहिती हवी, शिकाऊ म्हणून जागा हवी, कोणाचा तरी नंबर हवा, माल घेणारा हवा, नेमकं सांगा. मागणं लहान ठेवा, म्हणजे समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. शक्यतो शेवटचं वाक्य प्रश्नाचं असू द्या. प्रश्न आला की बोलणं त्यांच्याकडे जातं.

चारही मिळून पाच-सहा वाक्यं, साधारण चाळीस ते साठ शब्द. घड्याळ लावून बोलून बघा. घाई न करता अर्ध्या मिनिटात बसतं.

काही नमुने

नमुने पाठ करू नका. घडण कशी आहे ते बघा आणि स्वतःचं लिहा. नावाच्या जागी मी टिंबं ठेवली आहेत.

आयटीआय झालेला मुलगा, कंपनीतल्या साहेबांपुढे :
"नमस्कार सर. मी …, धाराशिवचा, म्हणजे पूर्वीचं उस्मानाबाद. इलेक्ट्रिशियन ट्रेडचा आयटीआय आहे. दोन वर्षं मोटार भरायच्या दुकानात काम करतोय. साडेसात एचपीपर्यंतची पाणबुडी मोटार एकटा खोलून, भरून, तपासून देतो. आता कारखान्यातल्या मोठ्या मोटारींवर शिकायचंय. तुमच्याकडे मेंटेनन्स विभागात अप्रेंटिस घेतात का?"

डी.एल.एड. झालेली मुलगी. पवित्र पोर्टलवर 'मुलाखतीसह' भरती करणाऱ्या खासगी संस्थांमध्ये पाठही घ्यावा लागतो आणि स्वतःबद्दलही सांगावं लागतं. तिथे :
"नमस्कार. मी …. डी.एल.एड. झालंय, टीईटी उत्तीर्ण आहे, टेटही दिली आहे. दोन वर्षं गावात संध्याकाळी पहिली-दुसरीच्या बारा मुलांचा वर्ग घेते. त्यातल्या पाच मुलांना अक्षरओळख नव्हती. ती आता गोष्टीचं पुस्तक स्वतः वाचतात. लहान वर्गांना वाचायला शिकवणं मला मनापासून आवडतं. तुमच्या शाळेत पहिलीचा वर्ग केवढा आहे?"

बचत गटाच्या ताई, प्रदर्शनात भेटलेल्या व्यापाऱ्याशी बोलताना :
"नमस्कार दादा. मी …, परंड्याकडची. आमच्या गटातल्या दहा जणी उस्मानाबादी शेळ्या पाळतो. आज आमच्याकडे चाळीस शेळ्या आहेत. बोकड आम्ही अंदाजाने देत नाही, काट्यावर वजन करून देतो. ईदच्या आधी थेट घेणारा माणूस शोधतोय. तुम्ही घेता का, की कोणी सुचवाल?"

उस्मानाबादी शेळी हे नाव तर दूरच्या पशुपालकांनाही माहीत आहे. म्हणजे तिथे जिल्ह्याचं जुनं नावच उपयोगी पडतं. कोणापुढे उभे आहोत ते बघून शब्द निवडायचा, तो असा.

"मला तर काहीच अनुभव नाही"

हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकते. एकदा बी.कॉम. झालेला एक मुलगा हेच म्हणाला. मी विचारलं, "घरी काय करतोस?" म्हणे, "काही नाही, आमचं दूध संकलन केंद्र आहे, तिथं बसतो." बसतो म्हणजे काय करतो? तर ऐंशी जणांचं दूध मोजून घेतो, फॅट लावतो, दर दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल काढतो, आणि हे सगळं त्याने वहीतून एक्सेलमध्ये आणलंय. एक रुपया इकडचा तिकडे झाला तर सकाळी सकाळी भांडण, म्हणून दोनदा तपासतो. याला अनुभव नाही म्हणायचं?

त्याची ओळख अशी झाली : "मी …. बी.कॉम. झालंय. आमच्या दूध केंद्रावरच्या ऐंशी उत्पादकांची दर दहा दिवसांची बिलं मी एक्सेलमध्ये काढतो. आता अकाउंट्सच्या ऑफिसात काम शिकायचंय."

पगार मिळाला तरच अनुभव, असं नाही. गणपती मंडळाचा जमाखर्च, लहान भावंडांचा अभ्यास, आजोबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या आणि कागदपत्रं, बागेचं ठिबक बसवणं. यातलं जे तुम्ही स्वतः केलंय आणि ज्याच्याबद्दल तीन प्रश्न विचारले तरी उत्तर देता येईल, ते तुमचा पुरावा आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, आपल्याकडचं सास्तूर आणि आजूबाजूची गावं क्षणात पडली, हजारो माणसं गेली. त्यानंतर सरकारने घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं मोठं काम हाती घेतलं. अनुदान कसं मिळतं, भिंत कशी मजबूत करायची, हे घरोघर पोचवायला माणसं हवी होती. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका पुढे आणल्या. त्यांना नाव दिलं 'संवाद सहायक'.

हे दोन शब्द नीट बघा. तोवर गावात बाईची ओळख असायची अमक्याची सून, तमक्याची आई. इंजिनिअर साहेबांपुढे आणि ब्लॉक ऑफिसात त्या ओळखीचा काय उपयोग? 'संवाद सहायक' म्हटलं की ही बाई कशासाठी आली आहे ते कळतं. गाव आणि कार्यालय यांच्यात बोलणं घडवून आणणं हे तिचं काम. त्यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळख जेमतेम असेल, पण त्यांच्याकडे कामाची ओळख होती.

त्याच संस्थेसोबत पुढे आलेल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ८ मार्च २०२२ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. आता त्यांची ओळख करून देताना नुसती पुरस्कारांची यादी वाचली, तर ऐकणारा टाळ्या वाजवेल आणि विसरून जाईल. पण "बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली, मग कोंबडीपालन आणि शेळीपालन उभं केलं, आणि इतर बायकांनाही व्यवसाय शिकवला" असं सांगितलं, तर ऐकणारी बाई लगेच विचारेल, "कोंबड्या कुठून आणल्या? सुरुवातीला किती घेतल्या?" चांगल्या ओळखीची खूण हीच. ऐकणाऱ्याच्या तोंडून कामाचा प्रश्न बाहेर पडतो.

या चुका टाळा

'फक्त', 'साधी', 'काही नाही'. ही चूक माझी स्वतःची आहे. एका प्रशिक्षणात चहाच्या वेळी शेजारी एक गृहस्थ उभे होते. ते मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं तयार करण्याचं काम करत होते. त्यांनी विचारलं, "आपण?" मी म्हणाले, "काही नाही, साधी झेडपीची शिक्षिका." ते हसले आणि मोबाइलकडे वळले. मग माझ्या बाजूच्या बाई म्हणाल्या, "मी मुलांकडून त्यांच्या आज्यांच्या म्हणी गोळा करून घेते, दोन वह्या भरल्यात." त्या दोघांचं बोलणं चहा गार होईपर्यंत चाललं. मीही वर्गात मुलांकडून गोष्टी लिहून घेत होते. पण मी 'काही नाही' म्हणाले होते ना! नम्रता वेगळी आणि स्वतःचं काम पुसून टाकणं वेगळं.

सगळी कुंडली सांगणं. वडिलांचा व्यवसाय, भावंडं, लग्न झालं की नाही, जात, घरची परिस्थिती, यातलं काही कामाच्या ओळखीत लागत नाही. कोणी "कोणाच्यात तुम्ही?" असं विचारलंच, तर रागवू नका. एका वाक्यात उत्तर द्या आणि कामाकडे परत या.

भाषेची लाज. "माझं बोलणं गावंढळ आहे" म्हणून मुलं गप्प बसतात. अहो, हेल आपल्या मातीचा आहे, तो राहू द्या. समोरच्याला शब्द स्पष्ट ऐकू येणं महत्त्वाचं. पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जाणार असाल, तर याच पाच वाक्यांची हिंदी आणि इंग्रजी तयार ठेवा. इंग्रजीत चारच वाक्यं आली तरी चालतील, पण ती तुमच्या कामाची हवीत, नेटवरून उतरवलेली नकोत.

नुसतं आपणच बोलणं. अर्धा मिनिट झाला की थांबा. समोरच्याचं नाव आणि काम नीट ऐका. जमलं तर त्यांच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारा. ओळख दोघांची असते.

वेळ न बघणं. साहेब फोनवर आहेत, जेवताहेत, घाईत निघालेत, तेव्हा पुढे जाऊ नका. "सर, अर्धा मिनिट बोलू का?" एवढं विचारलं की माणूस थांबतो, किंवा केव्हा भेटायचं ते तरी सांगतो.

भेटीनंतर काय करायचं?

ओळख झाली, नंबर मिळाला, आणि आपण महिनाभर गप्प बसलो, तर सगळं वाया. त्याच दिवशी संध्याकाळी एक छोटा निरोप पाठवा. गुड मॉर्निंगची फुलं नकोत. असं काहीतरी :

"नमस्कार सर. मी …. आज मेळाव्यात तुमच्या स्टॉलवर भेटलो होतो. मोटार भरण्याचं काम करणारा. अप्रेंटिसची जाहिरात पुढच्या महिन्यात येते असं तुम्ही म्हणालात, त्याबद्दल आभार. जाहिरात आली की अर्ज करतो."

यात कुठे भेटलो, मी कोण, तुम्ही काय सांगितलंत, हे तिन्ही आलं. उत्तर आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. पण त्यांनी सांगितलेलं काम खरंच करा आणि केल्याचं कळवा. दुसऱ्यांदा भेटाल तेव्हा तुम्ही अनोळखी राहिलेले नसता.

सराव कसा करायचा?

• आधी कागदावर लिहा. पाच वाक्यं. मग प्रत्येक वाक्याला विचारा, 'हे काढलं तर काय बिघडेल?' काही बिघडत नसेल तर काढा.
• मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा कसंतरीच वाटतं. तिसऱ्यांदा सुधारणा कळायला लागते.
• घरातल्या अशा माणसाला ऐकवा, ज्याला तुमचं क्षेत्र माहीत नाही. आजीला ऐकवलं आणि आजीने "म्हंजी तू मोटारी भरतूस व्हय?" असं विचारलं, तर समजा ओळख जमली.
• शब्द न् शब्द पाठ करू नका. चार बोटं लक्षात ठेवा : नाव, काम, पुरावा, मागणं. वाक्यं दर वेळी थोडी बदलली तरी चालतात.

शेवटी थोडं वर्गाबद्दल

त्या दिवशी आम्ही अंगणात बसून त्या पोराची पाच वाक्यं लिहिली. तीन-चार वेळा तो मध्येच "माझे वडील शेती करतात" वर जायचा आणि स्वतःच हसायचा. पुढच्या महिन्यात तो सोलापूरला एका वर्कशॉपमध्ये जाऊन आला. रात्री फोन केला. म्हणाला, "बाई, ह्या टायमाला त्यांनी विचारलं. किती एचपीपर्यंत भरतोस म्हणाले. मग तारेचा गेज विचारला. मग आत नेऊन एक मोटार दाखवली." त्याला लगेच नोकरी लागली असं मी सांगणार नाही. आधी आठ दिवस काम बघू, असं मालक म्हणाले. पण त्याच्या आवाजात जो फरक होता, तो मला फोनवरही ऐकू आला. कोणीतरी त्याला त्याच्या कामाबद्दल विचारलं होतं.

मी माझ्यापुरता एक बदल केला आहे. तिसरीच्या वर्गात 'माझी ओळख' अजूनही घेते. नाव, गाव, आई-वडील, सगळं राहू दिलंय, कारण ते मुलांचं आपलं आहे. फक्त शेवटी एक ओळ वाढवली आहे : "मला … येतं." ती ओळ मी फळ्यावर लिहून देत नाही. प्रत्येकाने आपली आपण भरायची.

यंदा एकाने लिहिलं, मला शेळीचं दूध काढता येतं. एकीने लिहिलं, मला बाजारातून सुट्टे पैसे बरोबर आणता येतात. मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ पेन्सिल चावत बसला होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "बाई, मला काहीच येत नाही." मी म्हटलं, "काल व्हरांड्यातला नळ कोणी बंद केला रे, गळत होता तो?" तो म्हणाला, "मीच. चिंधी बांधून."

"मग लिही की."

त्याने लिहिलं. तुम्हीही आज रात्री एक कागद घ्या आणि तीच एक ओळ आधी भरा. बाकीची चार वाक्यं तिच्याभोवती आपोआप येतील.